घटनासमिती आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व

राज्यघटनेचा अभ्यास करणारे बहुतेक वाचक मूलभूत हक्क, न्यायालयाचे अधिकार, केंद्र व प्रांत यांचे संबंध, अशा प्रकरणांवर रेंगाळतात. मतें कशीं मोजावयाचीं हें प्रकरण त्यांना कारकुनी वाटतें. वस्तुतः लोकसत्ताक राज्यांत सत्ता कोणाच्या हातीं जाणार हें, कोणास किती मतें पडलीं एवढ्यावरूनच ठरत नाहीं. त्या मतांचें जागांत रूपांतर कोणत्या नियमानें होतें यावरूनही तें ठरत असतें. त्याच मतदारांनीं दिलेलीं तींच मतें एका नियमानें मोजलीं तर एका पक्षास निर्विवाद बहुमत मिळतें, दुसऱ्या नियमानें मोजलीं तर कोणासच मिळत नाहीं. आपल्या लोकसभेसाठीं हा नियम कोणता असावा, याविषयींचा महत्त्वाचा वाद घटनासमितींत ४ जानेवारी १९४९ रोजीं झाला. त्या वादांत कोणतीं कारणें मांडलीं गेलीं आणि त्यांपैकीं आज किती उरलीं आहेत, याचा विचार या लेखांत आम्हीं योजिला आहे.

प्रथम प्रश्नाचें स्वरूप पाहूं. समजा, एका जिल्ह्यांत एक लक्ष मतदार व पांच जागा आहेत. जिल्ह्याचे पांच सारखे तुकडे पाडून प्रत्येकास एक जागा दिली, आणि प्रत्येक तुकड्यांत एका पक्षास शंभरांत चाळीस, दुसऱ्यास पस्तीस व तिसऱ्यास पंचवीस मतें पडलीं, तर पांचही जागा पहिल्या पक्षाकडे जातात. उरलेल्या साठ हजार मतदारांच्या वांट्यास एकही प्रतिनिधि येत नाहीं. तोच जिल्हा अखंड ठेवून जागा मतांच्या प्रमाणांत वांटल्या, तर पहिल्या दोन पक्षांना दोन दोन व तिसऱ्यास एक जागा मिळते. पहिली पद्धति आपल्या परिचयाची आहे. दुसरीस प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हणतात.

ही दुसरी पद्धति साधण्याचे मार्ग अनेक आहेत. इंग्लंडांत टॉमस हेअर यानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या योजनेंत मतदारानें उमेदवारांच्या नांवांपुढें पसंतीचे अनुक्रमांक घालावयाचे असतात. ठराविक हिश्शाइतकीं मतें मिळतांच उमेदवार निवडून येतो, आणि त्याच्याकडील जादा मतें वाया न जातां मतदाराच्या पुढील पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात. यासच एकल संक्रमणीय मत असें नांव आहे. डेन्मार्कांत आंद्रे या गणितज्ञ मुत्सद्द्यानें अशीच युक्ति १८५५ सालीं अमलांत आणिली होती. दुसरा मार्ग मतें एकवटण्याचा. तीन जागांच्या मतदारसंघांत प्रत्येकास तीन मतें द्यावयाचीं व तीं तिन्ही एकाच उमेदवाराच्या पदरांत टाकण्याची मुभा ठेवावयाची, कीं मतदारांपैकीं चतुर्थांशाहून थोडा मोठा असा कोणताही गट एकजुटीनें वागल्यास आपला एक मनुष्य खात्रीनें निवडून आणूं शकतो.

हेअरच्या योजनेस मोठा पुरस्कर्ता लाभला तो जॉन स्टुअर्ट मिल. आगरकरांच्या लेखांतून ज्याच्या विचारांची छाया महाराष्ट्रावर पडली, तोच हा मिल. प्रातिनिधिक राज्यपद्धतीवरील आपल्या १८६१ च्या ग्रंथांत त्यानें ही योजना उचलून धरिली आणि १८६७ सालीं पार्लमेंटांतही ती मांडली. बहुमतानें राज्य करावें हें न्याय्य, परंतु अल्पमताचा आवाज सभागृहांत उमटूंच नये हें न्याय्य नाहीं, असें त्याच्या प्रतिपादनाचें सार होतें. त्याच वर्षीं वॉल्टर बॅजट यानें आपल्या इंग्लिश राज्यघटनेवरील ग्रंथांत याविरुद्ध बाजू मांडली. पार्लमेंटाचें पहिलें काम मंत्रिमंडळ निवडणें व तें टिकविणें हें आहे. समविचारी मतदारांनीं स्वेच्छेनें बनविलेले मतदारसंघ आपल्या प्रतिनिधीस पक्षाच्या दावणीस बांधतील व सभागृहांतील समंजसपणा नाहींसा होईल, अशी त्याची भीति होती. पुढील दीडशें वर्षांत या प्रश्नावर जो जो वाद झाला, त्यांत या दोघांचेच मुद्दे नव्या वेषांत पुन्हां पुन्हां उभे राहिलेले दिसतात. लोकसभा हा लोकमताचा आरसा असावा, कीं राज्यकर्ते निवडण्याचें साधन असावें?

घटनासमितीपुढें हा प्रश्न आला तेव्हां तो केवळ परदेशी पुस्तकांतून आलेला नव्हता. १९३५ च्या कायद्यान्वयें १९३७ सालीं मुंबई इलाख्याच्या विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हां अनेक जागांच्या मतदारसंघांत मतें एकवटण्याची मुभा होती. १९३२ च्या पुणें करारानें अस्पृश्य वर्गास राखीव जागा मिळाल्या होत्या, पण मतदारसंघ संयुक्त असल्यामुळें राखीव जागेवर कोण बसावें हें ठरवितांना संख्येचें पारडें इतरांकडेच झुकणार, ही धास्ती होती. मतें एकवटण्याच्या मुभेनें त्या वर्गास आपल्या विश्वासाचा मनुष्य निवडून आणण्याचें एक साधन मिळालें. मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघांतून डॉ. आंबेडकर निवडून आले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसच्या तिकिटावर उभे असलेले नामांकित क्रिकेटपटु बाळू पालवणकर पराभूत झाले. डॉ. आंबेडकरांनीं आदल्याच वर्षीं स्थापिलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवारही या निवडणुकींत यशस्वी झाले.

याहूनही लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, घटनासमिती स्वतःच प्रमाणशीर पद्धतीनें निवडली गेली होती. त्रिमंत्री योजनेप्रमाणें १९४६ च्या जुलै महिन्यांत प्रांतिक विधानसभांच्या सभासदांनीं, आपआपल्या वर्गांत, एकल संक्रमणीय मतानें तिचे सभासद निवडले. मुंबईच्या विधानसभेंत त्या वेळीं डॉ. आंबेडकरांच्या पक्षाचें बळ उरलें नव्हतें. त्यांना बंगालकडे वळावें लागलें, आणि तेथें जोगेंद्रनाथ मंडल प्रभृतींच्या साहाय्यानें ते निवडून आले. निव्वळ बहुमताचा नियम असता तर बंगालच्या त्या मूठभर पाठिराख्यांना ही गोष्ट साधली नसती. पुढें फाळणीमुळें ती जागा गेली, आणि १९४७ च्या जुलैंत बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्यानें मोकळ्या झालेल्या जागेवर ते मुंबईकडून निवडले गेले. परंतु तोंपर्यंत त्यांची उपयुक्तता सर्वांस पटली होती. घटनेच्या शिल्पकारास घटनासमितीचें दार प्रथम उघडून दिलें तें प्रमाणशीर मतदानानें, ही इतिहासाची नोंद आहे.

अशा सभेंत ४ जानेवारी १९४९ रोजीं मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनीं लोकसभेची निवडणूक प्रमाणशीर पद्धतीनें व्हावी अशी उपसूचना मांडली. एकेका जागेच्या मतदारसंघांत मतदारांचा मोठा भाग प्रतिनिधीविना राहतो व अल्पमतावर आलेला पक्षही बहुमताच्या तोऱ्यानें राज्य करूं शकतो, असा त्यांचा रोख होता. उत्तर देण्यास डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्यांच्या उत्तरांत मुख्य मुद्दे तीन होते. या पद्धतींत मतदारानें निदान आंकडे ओळखून ते मतपत्रिकेवर घालूं शकावें लागतें, आणि आपल्याकडे साक्षरतेची स्थिति पाहतां हें अशक्य आहे, हा पहिला. आपण संसदीय राज्यपद्धति पत्करिली आहे. तींत मंत्रिमंडळ सभागृहाच्या पाठिंब्यावर उभें असतें. प्रमाणशीर पद्धतीनें सभागृहाचे लहान लहान तुकडे पडून स्थिर सरकार मिळणार नाहीं, हा दुसरा. इंग्लंडांत या प्रश्नासाठीं नेमलेल्या व १९१० सालीं अहवाल देणाऱ्या राजमान्य मंडळानेंही या पद्धतीची शिफारस केली नव्हती, याची आठवण त्यांनीं सभेस दिली. आणि अल्पसंख्य वर्गांना राखीव जागांच्या रूपानें कांहीं वांटा आपण दिलेलाच आहे, तेव्हां या निराळ्या उपायाची गरज नाहीं, हा तिसरा मुद्दा. उपसूचना फेटाळली गेली.

या तीन मुद्द्यांची आयुर्मर्यादा सारखी नव्हती. ज्या निर्णयास तीन खांब आहेत, त्यांतील एखादा ढळला तर इमारत पुन्हां तपासावी लागते. आमच्याकडे ती तपासली गेली कीं काय, हाच खरा प्रश्न आहे.

साक्षरतेचा मुद्दा त्या काळीं बिनतोड होता. १९५१ च्या शिरगणतींत शंभरांत अवघे अठराच्या सुमारास लोक साक्षर भरले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं मतदार सतरा कोटींहून अधिक होते, आणि त्यांच्यासाठीं प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवून तीवर बैलजोडी, झोपडी, अशीं चिन्हें चिकटवावीं लागलीं. मतदारानें पत्रिकेवर कांहींही लिहावयाचें नव्हतें. ती हव्या त्या पेटींत टाकिली कीं काम झालें. अशा मतदारास एक, दोन, तीन असे अनुक्रम घालावयास सांगणें म्हणजे त्याचा हक्क एका हातानें देऊन दुसऱ्या हातानें काढून घेणें झालें असतें. परंतु हा आक्षेप फक्त अनुक्रमांकांच्या पद्धतीस लागतो. मतें एकवटण्याच्या पद्धतीस अक्षरओळख लागत नाहीं. जो मनुष्य एका पेटींत एक पत्रिका टाकूं शकतो तो तींतच तीन टाकूं शकतो. मुंबई इलाख्यानें ही पद्धति बारा वर्षांपूर्वींच वापरून पाहिली होती. शिवाय १९४९ सालींही हा मुद्दा स्वभावतःच तात्पुरता होता. २०११ च्या शिरगणतींत साक्षरांचें प्रमाण शंभरांत सुमारें चौऱ्याहत्तर झालें. जी अडचण शाळांनीं दूर केली, ती आज कोणीं पुढें करूं नये.

राखीव जागांच्या मुद्द्याचें आयुष्य तर पांच महिन्यांचेंही ठरलें नाहीं. धार्मिक अल्पसंख्यांना दहा वर्षेंपर्यंत राखीव जागा द्याव्या असें घटनासमितीनें १९४७ च्या ऑगस्टांत ठरविलें होतें. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीनें तो निर्णय फिरविला, आणि १९४९ च्या मे महिन्याच्या अखेरीस घटनासमितीनें त्यावर शिक्कामोर्तब केलें. अनुसूचित जाति व जमाति यांच्यासाठीं मात्र राखीव जागा कायम राहिल्या. फाळणीच्या जखमा ताज्या असतांना धर्मावर आधारलेला प्रतिनिधि नको, ही भावना आम्हांस समजूं शकते; कित्येक अल्पसंख्य सभासदांनींही ती उचलून धरिली. परंतु याच चर्चेंत संयुक्त प्रांतांतील झेड. एच. लारी यांनीं जी भूमिका घेतली ती विचारार्ह होती. राखीव जागा खुशाल जाऊं द्या, पण त्यांऐवजीं अनेक जागांचे मतदारसंघ करून मतें एकवटण्याची मुभा द्या, असें त्यांचें म्हणणें होतें. या योजनेंत कोणत्याही धर्माचें नांव कायद्यांत घालावें लागत नाहीं. कोणीं कोणाबरोबर एकवटावें हें मतदार ठरवितो, सरकार ठरवीत नाहीं. धर्मनिरपेक्ष राज्यास शोभणारा अल्पसंख्यांचा बचाव याहून दुसरा कोणता असेल? तथापि सभेचें मन तयार नव्हतें. जानेवारींत ज्या राखीव जागांकडे बोट दाखवून प्रमाणशीर पद्धति नाकारली, त्या जागा मे महिन्यांत गेल्या. नकार मात्र जागच्या जागीं राहिला.

याचा अर्थ घटनेनें ही पद्धति सर्वस्वीं टाकून दिली असा नाहीं. राज्यसभेची निवडणूक प्रमाणशीर पद्धतीनें व एकल संक्रमणीय मतानें व्हावी असें घटनेचें ८० वें कलम सांगतें. राष्ट्रपतीच्या निवडणुकीसाठीं ५५ व्या कलमांत हेच शब्द आहेत. आमदारांनीं पसंतीचे अनुक्रमांक घालावे, सामान्य मतदारानें घालूं नयेत, अशी ही विभागणी झाली.

तिचा परिणाम ज्यांनीं ती विभागणी मांडली त्यांच्याच आयुष्यांत दिसून आला. १९५२ सालीं डॉ. आंबेडकर उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघांतून लोकसभेसाठीं उभे राहिले. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यानें अशा मतदारसंघांत प्रत्येकास दोन मतें दिलीं होतीं, पण तीं दोन्ही एकाच उमेदवारास देण्यास मनाई केली होती. १९३७ ची मुभा उरली नव्हती. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर चौदा-पंधरा हजारांच्या मताधिक्यानें निवडून आले आणि डॉ. आंबेडकर पडले. जुना नियम असता तर निकाल उलटा लागता असें आम्ही म्हणत नाहीं; नियम बदलला कीं पक्षांचे डावपेंचही बदलतात. परंतु त्याच वर्षीं ते राज्यसभेंत गेले, आणि १९५४ सालीं भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकींत पुन्हां पडले. एकंदर हिशेब मांडला तर, १९४६ व १९५२ सालीं प्रमाणशीर पद्धतीच्या सभागृहांत त्यांना जागा मिळाली, आणि १९५२ व १९५४ सालीं साध्या बहुमताच्या निवडणुकांनीं ती नाकारली. ज्याचे अनुयायी सर्वत्र आहेत परंतु कोठेंही बहुसंख्य नाहींत, अशा पुढाऱ्याची ही गति होते.

आतां स्थिर सरकारचा मुद्दा. हाच खरा वजनदार मुद्दा आहे, आणि त्याची परीक्षा अनुभवानेंच झाली पाहिजे. १९५२ सालीं काँग्रेसला शंभरांत पंचेचाळीस मतें पडलीं व ४८९ पैकीं ३६४ जागा मिळाल्या. समाजवादी पक्षास सुमारें साडेदहा टक्के मतांवर १२, तर कम्युनिस्टांना सव्वातीन टक्क्यांच्या आसपास मतांवर १६ जागा लाभल्या. कम्युनिस्टांचीं मतें मोजक्या भागांत गोळा झालेलीं, समाजवाद्यांचीं देशभर पसरलेलीं. नियमानें पहिल्यांस बक्षीस व दुसऱ्यांस दंड दिला. १९८४ सालीं काँग्रेसनें जवळजवळ निम्म्या मतांवर चारशेंहून अधिक जागा जिंकल्या. भारतीय जनता पक्षास सात टक्क्यांहून अधिक मतांवर अवघ्या दोन मिळाल्या. २०१४ सालीं त्याच भारतीय जनता पक्षास एकतीस टक्के मतांवर ५४३ पैकीं २८२ जागा मिळाल्या. बहुजन समाज पक्षास चार टक्क्यांवर मतें पडूनही एकही मिळाली नाहीं. पक्ष बदलले, बक्षीस व दंड यांचा नियम तोच राहिला. म्हणून या प्रश्नास कोणत्याही एका पक्षाचा कैवार समजणें चुकीचें होईल.

या किंमतींत स्थैर्य तरी विकत मिळालें काय? कांहीं काळ मिळालें. परंतु १९८९ पासून २००९ पर्यंतच्या सात सार्वत्रिक निवडणुकांत कोणत्याच एका पक्षास बहुमत मिळालें नाहीं, आणि १९९६ ते १९९९ या अवधींत देशास तीनदां मतदान करावें लागलें. हें सर्व साध्या बहुमताच्या पद्धतीखालीं घडलें. उलट पक्षीं आयर्लंड पहा. तेथें १९२२ पासून एकल संक्रमणीय मत चालू आहे, आणि डी व्हॅलेरा यांचा पक्ष त्याच पद्धतीखालीं १९३२ पासून १९४८ पर्यंत सलग सोळा वर्षें अधिकारावर होता. पुढें त्याच पक्षानें ती पद्धति रद्द करण्याचा प्रश्न १९५९ व १९६८ सालीं जनतेपुढें ठेविला. दोन्ही वेळां आयरिश मतदारांनीं नकार दिला. न्यूझीलंडांत १९७८ व १९८१ सालीं कमी मतें मिळविणाऱ्या पक्षानें अधिक जागा घेऊन राज्य केलें, तेव्हां तेथील लोक या नियमाविषयीं विचार करूं लागले. १९८६ सालीं राजमान्य मंडळानें मिश्र प्रमाणशीर पद्धतीची शिफारस केली, १९९३ सालीं सुमारें चोपन्न टक्के मतदारांनीं ती स्वीकारली, आणि २०११ सालीं पुन्हां विचारलें असतां अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास लोकांनीं ती कायम ठेविली.

तथापि एकच बाजू मांडणें न्यायाचें होणार नाहीं. १९१९ ते १९३३ च्या जर्मनींत जवळजवळ शुद्ध प्रमाणशीर पद्धति होती. मंत्रिमंडळें वरचेवर कोसळलीं, आणि त्या गोंधळाचा लाभ हिटलरनें घेतला. दोष सर्वस्वीं मतपद्धतीचा होता असें इतिहासकार मानीत नाहींत, परंतु तिनें दुबळ्या राज्यास बळ दिलें नाहीं हें खरें. युद्धोत्तर जर्मनीनें त्यावरून धडा घेऊन प्रमाण सोडलें नाहीं, पण किमान पांच टक्के मतांची अट घातली आणि निम्म्या जागांसाठीं स्थानिक मतदारसंघही ठेविले. दुसरी भीति आमच्या देशांत अधिक खरी आहे. पक्षानें यादी करावयाची व मतदारानें पक्षास मत द्यावयाचें, असें झालें तर प्रतिनिधि पक्षाच्या कचेरीचा अंकित होईल. आज खेड्यांतील मनुष्य रस्त्यासाठीं, पाण्यासाठीं, धरणग्रस्तांच्या मोबदल्यासाठीं ज्याच्या दारीं जाऊन बसतो, तो नांवागांवाचा खासदार त्यास उरणार नाहीं. बॅजटची शंका येथें जिवंत आहे.

या सर्वांचा विचार करतां आमचा कल मध्यम मार्गाकडे आहे. आजचे मतदारसंघ व त्यांतील राखीव जागा तशाच ठेवाव्या, आणि त्यांच्या जोडीस कांहीं जागा पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणांत भराव्या. अशी सूचना नवी नाहीं. विधि आयोगानें १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालांत लोकसभेच्या जागा चतुर्थांशानें वाढवून त्या यादीपद्धतीनें भरण्याचा विचार मांडला, आणि २०१५ च्या २५५ व्या अहवालांतही मिश्र पद्धतीचा पुन्हां परामर्श घेतला. दोन्ही अहवालांतील हा भाग अमलांत आला नाहीं. ज्या पक्षास चालू नियमानें सत्ता मिळालेली असते त्यास तो बदलण्याची निकड वाटत नाहीं, आणि ज्यास वाटते त्याच्या हातीं सत्ता नसते. हेंच या सुधारणेच्या मंदगतीचें कारण सर्व देशांत आढळतें.

डॉ. आंबेडकरांचा निर्णय त्यांच्या काळास अनुसरून योग्य होता, असें मानण्यास आमची हरकत नाहीं. नुकतेंच स्वतंत्र झालेलें, फाळणीनें हादरलेलें, निरक्षर मतदारांचें राष्ट्र. त्यास समजण्यास सोपी व सरकार देणारी पद्धति प्रथम हवी होती. परंतु ज्या सभेनें तो निर्णय घेतला तिनें कारणें उघड सांगितलीं व तीं कार्यवृत्तांत नोंदवून ठेविलीं, ही तिची थोरवी आहे. कारणें नोंदलेलीं असलीं म्हणजे पुढील पिढीस तीं तपासतां येतात. आज तपासणी केली तर एक मुद्दा काळानें निकालांत काढला आहे, दुसरा सभेनेंच पांच महिन्यांत मागें घेतला, आणि तिसऱ्याची परीक्षा सत्तर वर्षांच्या आंकड्यांनीं अर्धवट सोडली आहे. १९५२ सालीं ज्या मतदारानें चिन्ह पाहून पेटींत पत्रिका टाकिली, त्याच्या नातवंडांना आंकडे चांगले लिहितां येतात. आजोबांना दिलेलें कारण त्यांना पुरणार नाहीं. नवें कारण तरी द्यावें, नाहींतर वाद पुन्हां सुरू करावा.